लाइटच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

तुम्हाला आम्ही आठवत नसू. रोज किती माणसं कातडीच्या आजारावर किरणांचा लाइट घ्यायला येतात तुमच्याकडे. वरोरा तालुक्यातली ती म्हातारी, पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत सोरायसिसच्या खपल्या असलेली, ती माझी आई. तिचं अंग आता निवळलं आहे. फिकट डाग तेवढे उरलेत.

आधी जिथे लाइट घेतला, तिथे पैसे मोजून घेतले, आईकडे मात्र कुणी नीट पाहिलं नाही. मलमाच्या दोन ट्यूबा हातात दिल्या, ‘सकाळ-संध्याकाळ लावा’ म्हणाले, बस. आई बिचारी इमानानं पहाटेच सगळं अंगाला चोपडून एसटीत बसायची. फरक पडेना, तर ‘या वयात असंच चालायचं’ हे वर ऐकवलं.

तुम्ही पहिल्याच दिवशी तिची पोटरी बघून विचारलंत, “मावशी, मलम केव्हा लावलं?”

“सकाळीच लावून आली न बाई.”

मशीन तसंच ठेवून तुम्ही खाली बसलात आणि ओल्या कापडानं तिचे पाय पुसलेत. हातमोजे न घालता. पुसता पुसताच सांगितलंत की सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम लाइटचा तो ३११ नॅनोमीटरचा अतिनील किरण वरच्या वर शोषून घेतं, कातडीत उतरू देत नाही. आणि दुसऱ्या ट्यूबेतलं कॅल्सिपोट्रिऑल त्या किरणांनी स्वतःच निकामी होतं, म्हणून ते लाइट घेतल्यानंतरच लावायचं. औषधं तीच राहिली, वेळ बदलली, आणि हळूहळू आईला रात्रीची झोप लागू लागली.

पण ताई, हे पत्र त्या पुसण्यासाठी आहे. गावात आईच्या हातचं पाणी बंद झालं होतं. लग्नाच्या पंगतीत नात्यातल्याच बाया तिच्यापासून सरकून बसत. आनंदवन आमच्याच तालुक्यात. बाबा आमट्यांनी महारोग्यांसोबत आयुष्य काढलं, हे इथलं लहान पोरही सांगेल. तरी जो आजार शिवल्यानं होतच नाही, त्याला माणसं भ्यायली. त्या दिवशी परतताना आई मलमाचं काहीच बोलली नाही. “तिनं माहे पाय हातात घेतले रे,” एवढंच म्हणत राहिली. शिकलेली माणसं खूप भेटली आम्हाला. असं वागणारं माणूस फार उशिरा भेटलं.

आईनं तुमच्यासाठी घरच्या तुरीची डाळ बांधून ठेवली आहे. पुढच्या तपासणीला घेऊन येतो. नाही म्हणू नका.

तुमच्या मावशीचा मुलगा