पोरांनी लिहिलंय, तर दोन ओळी त्यांना पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शाळेच्या पोरांचं लिखाण येतं ते मी आवर्जून वाचतो, आणि त्याबद्दलच थोडं बोलायचंय. चोपड्यात माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आला की, आणि परत २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आधी, आजूबाजूच्या शाळांची हस्तलिखितं स्पायरल मारायला येतात आणि काम करता करता आपसूक वाचून होतात. बरंचसं तेच ते असतं, माझी आई, माझा आवडता पक्षी, सगळ्या वर्गाचा मिळून एकच मोर, गाइडमधून उतरवलेलं लगेच कळतं. पण मधेच एखादं पान असं निघतं की मशीन बंद करून वाचावं लागतं.

यंदा सहावीतल्या एका पोरीने कानबाईवर, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणावर, लिहिलं होतं. घराला चुना कसा मारला, सुरतचे काका-काकू कसे आले, जागरणाला कोण झोपलं कोण जागलं, सगळं. आमच्याकडे कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदातच खातात, बाहेरच्याला देत नाहीत, तर हिची शेजारची मैत्रीण दारात उभी आणि हिच्या हातात रोट. "मला खाता येईना मग मी ताट झाकून ठेवलं आणि तिच्यासोबत खेळायला गेले", एवढंच वाक्य. भल्याभल्यांना सुचणार नाही भो असं. आणि त्या पानावर लाल पेनने काय होतं? दोन वेलांट्या सुधारलेल्या, आमच्या बोलीतल्या एका 'य'ला गोल मारून 'ळ' केलेला, आणि खाली 'छान'. सरांना मी दोष देत नाही, त्यांच्यामागे ऑनलाइन माहित्या भरायचा ताप काय असतो ते दुकानात बसून रोज बघतो. पण छान म्हणजे काय छान? अक्षर? कानबाई? की ते झाकलेलं ताट?

पोराला हेच कळत नाही आणि मग पुढच्या वेळी ते गपचूप मोरावर लिहितं.

म्हणून मला वाटतं हे काम आपण वाचणाऱ्यांनी पण करावं. लिखाण आवडलं तर नेमकं कोणतं वाक्य आवडलं ते त्या पोराला कळवा आणि एखादा खराखुरा प्रश्न विचारा, मैत्रीण नंतर काही बोलली का गं, काका परत सुरतला गेल्यावर घर कसं वाटलं. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पोरगी अजून एक पान लिहील, बघा तुम्ही. शुद्धलेखन शाळेत होतंच, ते आपण नाही काढायचं, आणि मोठी होऊन कलेक्टर हो असला आशीर्वाद तर मुळीच नको.

आपल्या खान्देशाला हे काही नवीन नाही. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहून काढायचे, दैनिक म्हणजे रोज बरं का, आणि १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. त्याच अमळनेरात फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन झालं, आम्ही पण हौसेने गेलो, लेखकांच्या सह्या घ्यायला घुसलो, फोटो काढले, पण स्वतःच्या गावच्या शाळेतलं भित्तिपत्रक उभं राहून वाचणारे आमच्यातले किती असतील कोण जाणे.

तुम्हाला विनंती अशी की मुलांचं लिखाण छापता तिथे शाळेचं नाव-गाव ठळक द्या, म्हणजे ज्याला वाटेल तो मुख्याध्यापकांच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकेल. पोरांचा घरचा पत्ता, फोन, फोटो अजिबात छापू नका, जमाना बरा नाही, आणि कार्ड उघडंच असल्याने काय लिहिलंय ते सरांच्या नजरेखालून जाईल ते बरंच. ज्यांना कार्ड टाकायचा कंटाळा त्यांच्यासाठी पुरवणीतच चार-पाच ओळींची जागा ठेवा, मागच्या आठवड्यातल्या मुलांना वाचकांचं उत्तर म्हणून. जागेची अडचण असेल तर राशिभविष्य थोडं आखडलं तरी चालेल, आमच्या राशीला तसंही दर आठवड्याला धनलाभच असतो.

तुमचा एक वाचक,
चोपडा, जि. जळगाव