आरसा घेऊन दफनभूमीत

सोलापूर,
फेब्रुवारीतला रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर हसलास, "गड्ड्याच्या जत्रेचे फोटो काढायचे सोडून थडग्यांचे काय काढतोस बे?" तेव्हा उत्तर सुचलं नाही.

गोऱ्या साहेबांची जुनी दफनभूमी आठवते ना? भिंतीवरून उड्या मारून चिंचा पाडायचो. आता दर रविवारी सकाळी साडेसहाला तिथं असतो. ऊन तिरपं आहे तोवरच खोदलेल्या अक्षरांत सावली उतरते. नऊ वाजले की दगड कोरा. समोरून फ्लॅश मारला तर त्याहून वाईट.

एक थडगं मात्र कायम झाडाखाली. संगमरवरी पाटीत शिशाची अक्षरं होती, ती कधीच गळाली. राहिली ती शिसं धरून ठेवायला पाडलेली भोकं, मोहरीएवढी. मागच्या आठवड्यात बायकोच्या कपाटाचा आरसा काढला, चादरीत गुंडाळला आणि स्कूटरवरून नेला. (घरी काय ऐकलं ते भेटीत सांगेन.) रखवालदार मामांनी पंधरा फुटांवर उन्हात आरसा धरून कवडसा बाजूनं पाटीवर सोडला. "जरा डावीकडं," म्हणतोय तोच भोकांच्या रांगा दिसल्या. टिंबं जोडत चित्र काढावं तशी अक्षरं जुळवली. नावालाच अर्धा तास गेला. वयाच्या ओळीत वर्षं नव्हतीच, नुसते महिने. अकरा. "लेकरू हाय व्हय?" मामा म्हणाले. फोटो झाला तरी आरसा तसाच धरून उभे होते.

एक कबूल करतो. पहिल्या वर्षी अक्षरं उठावीत म्हणून एका दगडाला रांगोळी चोळली होती. फोटो झकास आला. पण रांगोळी म्हणजे दगडाचाच भुगा. झिजलेला दगड आणखी घासला गेला, आणि खाचांतला पांढरा अजून निघालेला नाही. त्या दगडापाशी मी थांबत नाही. आता मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स.

आपल्या डॉ. कोटणीसांचं बघ. १९१० साली सोलापुरात जन्मले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांची कबर शिजियाझुआंगला. छिंगमिंगला, म्हणजे त्यांच्याकडं पितरांच्या कबरी झाडायच्या सणाला, लोक तिथं फुलं वाहतात. या लेकराचे आईबाप बदली होऊन कुठं गेले असतील कुणास ठाऊक.

आता कामाचं. कोपऱ्यातला एक दगड उत्तरेकडं तोंड करून आहे, थंडीत त्याच्यावर ऊन येतच नाही. मेच्या मध्यानंतर आपल्याकडं दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला सरकतो. तेव्हा बाराच्या सुमारास ऊन वरून दगडाला घासत उतरेल. पाऊस लागायच्या आत तेवढेच काही दिवस. मामांनी त्या उन्हात यायला आत्ताच नकार दिलाय, म्हणून तू ये. छत्री मी आणतो. ती कॅमेऱ्यावर धरायची, स्वतःवर नाही.

तुझा,
थडगेवाला