ग्रंथ संग्रहालयातल्या प्रूफवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव तुम्ही सांगितलं नाहीत आणि काउंटरवरची मुलगीही 'ते प्रूफवाले काका' एवढंच म्हणाली. म्हणून हे पत्र असं जाहीर. १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात इंग्रजीच्या चार शब्दांपायी कुणी माझ्यासाठी दुपार खर्ची घालेल, असं वाटलं नव्हतं.

आमच्या किसननगरच्या बालवाडीला खाऊसाठी मदत हवी होती, म्हणून एका कंपनीकडे इंग्रजीत अर्ज केला. त्यात माझं वाक्य होतं, 'न्यूट्रिशन अँड लर्निंग गो हँड इन हँड'. पैसे मोजून ज्यांच्याकडून अर्ज तपासून घेतला, त्या क्लासच्या सरांनी लाल पेनानं 'इन' खोडून 'अँड' केलं. कंपनीतल्या साहेबांनी मधे डॅश ठोकले, 'गो'चं 'गोज' केलं आणि वर ऐकवलं, "बाई, झेपत नसेल तर मराठीत द्या, कोणीतरी वाचेल." कोणीतरी! एवढा रुबाब आणि दोघांपैकी एकानंही कोश उघडून बघितला नव्हता.

तुम्ही उघडलात. 'हँड' शब्दाचं पान काढलंत, कोश माझ्याकडे फिरवलात आणि गप्प बसलात. मीच वाचलं: एक अर्थ हातात हात धरून, दुसरा दोन गोष्टींनी जोडीनं चालणं. मधे 'इन'च. भराभर बोलताना 'इन' काय आणि 'अँड' काय, कानाला सारखंच लागतं, म्हणून खुद्द इंग्रजी बोलणारेही असं लिहून बसतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. डॅश लागतात ते हेच शब्द नामाच्या आधी विशेषण म्हणून आले तर. न्यूट्रिशन आणि लर्निंग दोघं मिळून कर्ता, म्हणून 'गो'. एकटं लर्निंग न्यूट्रिशनसोबत चालवलं, तर 'गोज' आणि पुढे 'विथ'. इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यातही शेवटी अ‍ॅडम आणि ईव्ह 'हँड इन हँड'च बाहेर पडतात, म्हणालात, "त्यांनाही कोणी अँड लावला नाही."

पण काका, हे सगळं कदाचित मी विसरेन. त्यानंतर खिशातून पेन्सिल काढून तुम्ही त्या लाल रेघेनं खोडलेल्या 'इन'खाली बारीक ठिपके दिलेत आणि समासात 'स्टेट' (stet) लिहिलंत. छापखान्यात त्याचा अर्थ 'खोडलेलं राहू द्या, मूळचंच बरोबर', असं सांगितलंत. सरांच्या लाल शाईवर काट मारली नाहीत, त्यांच्या नावानं एक शब्द काढला नाहीत. माझं वाक्य तेवढं जागेवर आणून बसवलंत. मला बरोबर येत होतं, हे इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलं असणार, कारण तुम्ही लगेच पेपर वाचायला घेतलात.

जाणती माणसं अशीही असतात हो. दुसऱ्याला लहान न करता शिकवतात, आणि चहाचं विचारलं तर हात जोडतात.

अर्ज माझ्याच वाक्यासह गेला आहे. उत्तर काय यायचं ते येवो. किसननगरला आलात की मात्र चहा घ्यावाच लागेल, तिथं तुमचं काही चालणार नाही.

आपली,
बालवाडीच्या बाई