सुन्या, चिमूटभर पावडर पाठव

कोल्हापूर, ८ जानेवारी २०२६

प्रिय सुन्या,

परवा फोनवर म्हणलं एक काम आहे तर तू लगेच "किती पायजेत?" पैसे नकोत रे बाबा. मला फुलांची पावडर पायजे. चमचाभर पण नाही, चिमूटभर. फोनवर सांगितलं असतं तर हसत बसला असतास, म्हणून लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

तुला आठवतंय का, लॉकडाऊननंतर मी लक्ष्मीपुरीतनं ते लालभडक गुळगुळीत फळ आणलेलं, नेक्टरिन? विकणारा म्हणाला पीच आणि प्लमचं क्रॉस आहे साहेब. मी पण दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगत फिरलो. साफ चूक. नेक्टरिन म्हणजे पीचच, फक्त त्याच्या सालीवर लव नाही, बास. एका जीनचा खेळ आहे, तो इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ ला शोधून काढला. आणि कधीकधी पीचच्याच झाडाला एखाद्या फांदीवर आपोआप नेक्टरिन लागतं, डार्विननं १८६८ च्या पुस्तकात असली उदाहरणं लिहून ठेवलीत. मला हे वाचून झोप आली नव्हती त्या रात्री. बायको म्हणाली फौंड्रीत काय झालं का.

तर त्या फळांच्या बिया मी जपून ठेवल्या. वरचं कवच हातोडीनं अलगद फोडलं (आपलं कामच ते) आणि आतली बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, कारण दोन-तीन महिने थंडी खाल्ल्याशिवाय ती बी नीट उगवतच नाही. महिन्याभरात हिनं नासकं काहीतरी आहे म्हणून अर्धा डबा फेकला. उरलेल्या मी घाई करून लवकर लावल्या तर रोपं आली बुटकी, पानांचा नुसता गुच्छ, कोबीसारखी. थंडी कमी पडली की असंच होतं हे नंतर कळलं. त्यातली दोन पुढं सुधारली, काकांच्या रानात पन्हाळ्याच्या पायथ्याला लावली, आता डोक्याच्या वर गेलीत. पण फूल? एक नाही. थंड मुलखातली जात ती, हिवाळ्यात शेकडो तास सात डिग्रीच्या खाली पायजे तिला. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरतो तेवढीच थंडी. काका येताजाता म्हणतात, तेवढ्या जागेत उसाची एक सरी बसली असती.

मग म्हणलं कमी थंडीवाली जात बघू. फ्लोरिडातल्या लोकांनी हे काम आधीच करून ठेवलंय, ओकिनावाचं एक जंगली टाईपचं पीच घेऊन त्याच्याशी क्रॉस करत करत दीडशे तासांच्या थंडीत फुलणारं फ्लोरिडा प्रिन्स वगैरे काढलं. ते पंजाबात सर्रास लावतात. मी त्याची दोन कलमं कुरियरनं मागवली, त्यातल्या एकाचं कलम मेलेलंच होतं आणि ज्या झाडावर ते बांधलेलं तो खालचा खुंट फुटून वाढला, वर्षभर मी खुंटालाच खत घालत होतो! विकणाऱ्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला पाणी जास्त झालं असेल. जाऊ दे. दुसरं मात्र भारी आहे.

आपल्याकडं दीडशे तास पण होत नाहीत. पण डाळिंबाचा बहार कसा धरतात बघ, पाणी तोडून ताण द्यायचा आणि पानगळ करायची, तसंच केलं. जावाच्या डोंगरात सफरचंदाची पानं हातानं ओरबाडून पीक घेतात म्हणे, थंडी नसली तरी झाड फसतं. डिसेंबरात पाणी तोडलं आणि परवाच्या रविवारी मी आणि पोरानं मिळून सगळं झाड नागवं केलं. मागच्या वर्षी असंच केल्यावर महिन्याभरात गुलाबी फुलं आलेली. गावातली पोरं सेल्फी काढायला यायची रे.

आता ह्या पीचचा नेक्टरिनशी क्रॉस करायचाय. तर माझ्याकडं आई आहे, बाप नाही. नेक्टरिनचे पराग इथं मिळायचे नाहीत. तू चंदीगडला, लुधियाना तुझ्यापासून दोन तासांवर. तिथल्या कृषी विद्यापीठानं पंजाबसाठी नेक्टरिनची जात शिफारस केलेली आहे, म्हणजे त्या बाजूला कुणा ना कुणा शेतकऱ्याकडं झाडं असणारच. तू म्हणशील सरळ रोपच आण की. आणणार आहेच, पण ते पंजाबच्या थंडीला बेतलेलं. मला असं झाड पायजे की जे पानं न ओरबाडता इथं आपणहून फुलेल. थंडीची गरज ही लवेसारखी एका जीनवर नसते, पोरांत कमीजास्त होते, एखादं पोरगं आईबापापेक्षा पण कमी थंडीत भागवतं. ते एखादं शोधायचंय.

आता क्रॉस केल्यावर काय होणार ते आधीच सांगतो, नंतर हसू नको. पहिल्या पिढीला सगळी लववालीच फळं लागणार. एकपण गुळगुळीत नाही. लव नसणं हे दबून राहणारं लक्षण, ते पहिल्या पिढीत नुसतं लपून बसतं. त्यांच्याच बिया परत लावल्या की चारात एक नेक्टरिन. बी पासून फूल यायला अडीच-तीन वर्षं, असं दोनदा. म्हणजे २०३२. आपली पन्नाशी उलटलेली असेल. फौंड्रीत पाच टक्के रिजेक्शन झालं की मालक डोक्यावर घेतो, इथं शंभरातली नव्व्याण्णव झाडं कुऱ्हाडीखाली जाणार आणि तरी काम बरोबर चाललंय म्हणायचं. कॅलिफोर्नियात मर्सेडला फ्रेड अँडरसन नावाचा माणूस होता, आधी नेक्टरिन बारकं आणि नाजूक असायचं, त्यानं वर्षानुवर्षं खपून १९४२ ला ले ग्रँड नावाचं मोठं, पिवळ्या गराचं, लांबच्या बाजारात टिकणारं काढलं. त्याच्या हाताखालचा फ्लॉइड झायगर पुढं त्याच्याही वरचढ निघाला. मला एवढं नको, एक झाड पुरे.

अजून एक भानगड आहे. लवकर पिकणाऱ्या जातीत गर पुढं पळतो आणि बी मागं राहतं, फळ तयार पण आतला गर्भ कच्चा, तो नुसता मातीत उगवत नाही. फळ पिकायच्या आधी काढून, गर्भ बाटलीत वाढवावा लागतो. इथं उसाचं टिश्यू कल्चर करणारा एक ओळखीचा तयार झालाय, त्याला पण मिसळ खिलवून पटवलाय.

तर तुझं काम. झाड फुलावर आलं की उमलायच्या आदल्या दिवशीच्या कळ्या घ्यायच्या, फुगून फुग्यासारख्या झालेल्या, पण उघडलेल्या नाहीत. उघडलेल्या नकोत, त्यात मधमाशी जाऊन आलेली असते. पन्नास-साठ पुरतील. चहाच्या गाळणीवर घासल्या की केसरांच्या टोकाचे बारके दाणे खाली पडतात. ते पांढऱ्या कागदावर पसरून रात्रभर घरातच ठेव, उन्हात नको, पंख्याखाली तर अजिबात नको! सकाळी दाणे फुटून पिवळी धूळ झालेली असेल. ती बारक्या बाटलीत, सोबत बुटाच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी, आणि स्पीड पोस्ट. माझं झाड तोवर फुललं नसलं किंवा फुलून गेलं तरी हरकत नाही, पराग फ्रीजरमध्ये पुढच्या वर्षापर्यंत राहतात. पुढचं माझं, कळीची वाटी नखानं गोल कापली की पाकळ्या आणि केसर एकदम निघून येतात, मधली काडी तेवढी राहते, तिला बोटानं धूळ लावायची. पाकळ्या नसल्या की माशी पण फिरकत नाही.

फुलं जानेवारी शेवट ते फेब्रुवारी, तेव्हा एक रविवार मोकळा ठेव. शेतकऱ्याला विचारून तोड रे, चोरून नको. आणि वहिनींना आधी सांगून ठेव की फ्रीजमधली ती बाटली हळद नाही.

तुझा,
बंड्या