झाडीतल्या चढउतारांवर सोबत केल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये, असे आपण निरोप घेताना बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानावेत असे मनापासून वाटते, कारण त्या सकाळी आपण मला जे दाखवलेत ते डोंगरउतारावरच्या, दाट झाडीतल्या डिस्क गोल्फ कोर्सवर, म्हणजे चकती (डिस्क) कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाच्या मैदानावर, पहिल्यांदा जाणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल.

मी त्याआधी वर्षभर सपाट, मोकळ्या मैदानावर खेळत होते आणि लांब फेकता येणे म्हणजेच खेळता येणे, अशी माझी समजूत होती. त्यामुळे पहिल्या चार होलवर, म्हणजे टप्प्यांवर, मी पिशवीतला सर्वांत वेगवान ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क) पूर्ण ताकदीने फेकत राहिले आणि जवळजवळ प्रत्येक फेक पहिल्या पन्नास पावलांच्या आतच कुठल्यातरी खोडावर आदळली. पाचव्या टीपाशी, म्हणजे होलची पहिली फेक करण्याच्या जागेशी, आपण मागून येऊन पोहोचलात. मी बाजूला होऊन आपल्याला पुढे जाण्याची विनंती केली, तेव्हा आपण म्हणालात, "घाई कुणाला आहे? बरोबरच चालू या." या एका वाक्याने माझा तो दिवस सावरला.

पाचवा होल सरळ चढाचा होता आणि दोन्ही बाजूंनी झाडे इतकी जवळ आली होती की वरची बास्केट एखाद्या बोगद्याच्या टोकाला ठेवल्यासारखी दिसत होती. आपण मला हातातली डिस्क खाली ठेवायला सांगितलीत आणि बास्केटकडे न बघता टीच्या पुढ्यातल्या दोन खोडांमधली फट शोधायला लावलीत. झाडीत फेकीचा निकाल सुरुवातीच्या त्या फटीतच लागतो, तिथून डिस्क सुटली तर पुढच्या फेकीला काहीतरी शिल्लक राहते, आणि तिथेच आदळली तर मनगटात कितीही जोर असला तरी तो वाया जातो, हे आपण समजावलेत. मग माझ्या हातात पटर, म्हणजे बास्केटजवळच्या फेकीची हळू डिस्क, दिलात. टीवरून पटर फेकायचा, ही कल्पनाच मला नवी होती. वेगवान ड्रायव्हरला त्याच्या ठरलेल्या मार्गाने जाण्यासाठी तेवढाच वेग लागतो आणि तो मिळाला नाही की उजव्या हाताने बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा नेऊन) फेकलेली डिस्क लवकरच डावीकडे कलते, पटर मात्र कमी वेगातही बराच काळ सरळ जातो, हे आपण आधी बोलून आणि मग स्वतः फेकून दाखवलेत.

चढावर माझी दुसरी चूक होत होती आणि ती मला एकटीला कधीच सापडली नसती. डिस्क वर जावी म्हणून मी तिची पुढची कड उचलत होते, त्यामुळे तिच्या पोटाला हवा अडायची, ती मध्येच थबकायची आणि डावीकडे घसरत खाली यायची. आपण माझ्या मागे उभे राहून सांगितलेत की कड नव्हे, तर सगळी फेकच उताराच्या रेषेत तिरकी करायची, म्हणजे मागचा खांदा थोडा खाली, पुढचा थोडा वर आणि डिस्क हात ज्या रेषेत जातो त्याच रेषेत सपाट. चढावर डिस्कचा वेग लवकर संपतो, म्हणून तिचे डावे वळणही लवकर सुरू होते, हे त्याच्या जोडीने लक्षात ठेवायला सांगितलेत. तिसऱ्या प्रयत्नात डिस्क त्या बोगद्यातून एकाही पानाला न शिवता वर गेली. तो क्षण मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते.

उतारावरच्या होलबद्दल आपण फार बोलला नाहीत. डिस्क हवेत जास्त वेळ राहते, म्हणून हळू डिस्क घ्यायची, खाली रोखून सोडायची आणि ओल्या मुळांवर पावले टाकत न येता उभ्यानेच फेकायचे, एवढे सांगून आपण पुढे निघालात, आणि तेवढे पुरेसे होते.

मला सर्वांत जास्त ऋणी केले ते नवव्या बास्केटने. ती डोंगराच्या कुशीत, चांगल्याच घसरड्या तिरप्या जमिनीवर रोवलेली होती. मी वरच्या बाजूने पट (बास्केटमध्ये टाकण्याची जवळची फेक) केला, डिस्क साखळ्यांच्या शेजारून निसटली, कडेवर पडली आणि चाकासारखी घरंगळत थेट ओढ्याच्या दिशेने गेली. आपण तेव्हा काहीच म्हणाला नाहीत. पुढच्या तशाच होलवर मात्र, मी जवळची फेक करण्याआधी, आपण बास्केटच्या खालच्या बाजूची एक जागा बोटाने दाखवलीत आणि म्हणालात, "तिथे थांबव. चुकलेला पट वर गेला तर तो डोंगर तुला परत देतो." त्यानंतर मी प्रत्येक बास्केटपाशी आधी जमीन कोणत्या दिशेला उतरते ते पाहते आणि मगच अंतर पाहते. बास्केटपासून 10 मीटरच्या आत फेकल्यावर, डिस्क पडलेल्या जागेच्या खुणेच्या मागे पूर्ण तोल सांभाळल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, हा नियम मला पाठ होता, पण एक पाय वर आणि एक पाय खाली असताना तो पाळणे किती कठीण आहे हे तिथे कळले. आपण मला त्या उतारावर डिस्क न घेताच दहा वेळा नुसते उभे राहून तोल धरायला लावलेत, ती तालीम मी घरीही करते.

एक प्रसंग मुद्दाम लिहिते, कारण तो खेळाच्या कौशल्याचा नाही. माझी डिस्क एका झुडपाच्या मुळाशी पडली होती आणि हात फिरवायला आड येणारी फांदी मी मोडणार होते. आपण माझा हात अडवलात. खुणेच्या मागे, पाय ठेवायच्या जागेवर पडलेली सुटी पाने आणि काटक्या बाजूला करता येतात, पण उभ्या झाडाची फांदी फेकीला वाट करण्यासाठी मोडता किंवा धरून ठेवता येत नाही, उभे राहतानाही ती कमीत कमी हलेल असेच राहावे लागते, हे आपण शांतपणे सांगितलेत. मग आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसून आपण एड हेड्रिक यांची गोष्ट सांगितलीत. 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह येथे त्यांनी पहिला कायमचा कोर्स आखला आणि साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना 1977 साली मिळाले, पण त्याआधी लोक झाडे आणि खांब हेच लक्ष्य धरून खेळत होते. ज्या झाडांनी या खेळाला पहिली लक्ष्ये दिली त्यांची फांदी मोडू नये, असे आपल्याला वाटते, आणि आता मलाही वाटते.

आता त्या निळ्या डिस्कविषयी. तेराव्या होलवर ती दरीच्या बाजूला गेली तेव्हा आपण घड्याळ लावून 3 मिनिटे माझ्याबरोबर शोधलीत आणि वेळ संपताच, नियमाप्रमाणे, मागच्या जागेवरून एका फेकीच्या दंडासह पुन्हा फेकायला सांगितलेत. सवलत दिली नाहीत, हे मला फार आवडले. अठरा होल संपल्यावर मी घरी निघाले असताना आपण मात्र परत त्या दरीकडे वळलात. डिस्क खोडावर आदळल्याचा आवाज कुठून आला होता ते आपल्या लक्षात होते, आणि उतारावरची डिस्क पडते तिथे न राहता पहिल्या अडथळ्यापर्यंत घरंगळते, असे म्हणत आपण वरची झुडपे सोडून खालच्या ओंडक्यांच्या रांगेपासून शोध सुरू केलात. चाळीस मिनिटांनी ती एका ओंडक्याला टेकून, पाल्याखाली सापडली. पाल्यात निळा आणि गुलाबी रंग उठून दिसतात, हिरवा आणि तपकिरी हरवतात, हेही आपण तेव्हाच सांगितलेत. ती डिस्क माझ्या भावाने मला दिलेली पहिली डिस्क होती. मी हे आपल्याला सांगितले नव्हते, आपण विचारलेही नव्हते, तरी आपण चिखलात उतरलात.

त्या दिवशी मी दोनदाच पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फेकींत, होल संपवला. तेव्हापासून सहा वेळा त्या कोर्सवर जाऊन आले आहे. पाचव्या होलचा बोगदा आता चारपैकी तीन वेळा पार होतो, आणि नवव्या बास्केटपाशी मी अजून एकदाही वरच्या बाजूला थांबलेले नाही. निळ्या डिस्कच्या मागे आपल्या सांगण्याप्रमाणे माझा फोन नंबर लिहिला आहे. मागच्या रविवारी एक मुलगा चौथ्या टीवर ड्रायव्हर घेऊन खोडांशी झुंजताना दिसला. मी थांबले, त्याला बरोबर चालायला बोलावले आणि माझा पटर त्याच्या हातात दिला.

आपली कृतज्ञ,
पाचव्या टीवर भेटलेली खेळाडू