सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चेबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पार्किंगच्या वादात एका सभासदाच्या कुटुंबीयांविषयी लिहिलेला मजकूर ॲडमिननी सर्वांसाठी काढून टाकला आहे. पार्किंगबाबत मतभेद जरूर मांडावेत, परंतु घरच्या माणसांवर घसरणे समितीला मुळीच मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, समान हेतू किंवा संगनमत दिसून आल्याशिवाय सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याने आपली जबाबदारी ओळखूनच लिहावे. रात्री रागाच्या भरात पाठवलेले सकाळी खोडले, तरी स्क्रीनशॉट उरतोच. समज देऊनही असे पुन्हा घडल्यास संबंधितांना ग्रुपमधून काढण्यात येईल. सभेच्या नोटिसा मात्र त्यांना लेखी मिळत राहतील. तक्रारी सचिवांकडे लेखी द्याव्यात.

– व्यवस्थापक समिती