शनिवारच्या भेटीआधी

सांगली

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गुंतवणुकीचे दोन्ही प्रस्ताव वाचले. पहिला एकवीस पानांचा, रंगीत आलेखांचा. दुसरा चार पानांचा. शनिवारी तू ते लिहिणाऱ्या दोघांनाही भेटणार आहेस, म्हणून त्यातल्या शब्दांचे अर्थ फोनवर न सांगता लिहूनच पाठवते. समोर बसलेला माणूस भराभर बोलत असतो, आपण मान डोलावतो आणि विचारायचं राहून जातं. हे पत्र सोबत ने, त्यांच्यासमोर उघडून बसलीस तरी चालेल.

प्रस्तावात काय लिहिलंय त्याआधी, लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते बघ. पहिल्या प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एआरएन आणि पुढे आकडा आहे. हा ॲम्फीचा, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेचा, नोंदणी क्रमांक, म्हणजे हा गृहस्थ म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. वितरक असण्यात काही गैर नाही, पण त्याला पैसे फंड कंपनी देते, तू देत नाहीस. 'आमची सेवा मोफत' असं जे पान तीनवर छापलंय, ते याच अर्थाने खरं आहे. दुसऱ्या प्रस्तावावर आयएनएने सुरू होणारा क्रमांक आहे. तो लिहिणारी बाई सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदलेली आहे, २०१३च्या नियमांखाली. त्या नियमांनुसार सल्लागाराने ग्राहकाशी विश्वस्ताच्या नात्याने वागायचं असतं आणि फी थेट ग्राहकाकडूनच घ्यायची असते. एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि त्याच कुटुंबाला कमिशनवर फंडही विकायचे, हे तिला करता येत नाही.

कार्डावर 'वेल्थ पार्टनर', 'मनी कोच' असं काहीही असू शकतं, त्यावर जाऊ नकोस. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का, एवढं स्वतः तपास. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नको, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप कर.

आता फी. सल्लागार दोन प्रकारे फी घेऊ शकतो: वर्षाला ठरावीक रक्कम, किंवा तुझ्या गुंतवणुकीच्या टक्क्यात. सेबीची वरची मर्यादा ठरावीक फीसाठी एका कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपये आणि टक्केवारीसाठी २.५ टक्के आहे. मर्यादा म्हणजे दर नव्हे, तुझ्यासारखीच्या साध्या कामाला याच्या कितीतरी खाली फी असायला हवी. टक्केवारीत एक मेख आहे, ती नीट समजून घे. एक टक्का म्हटलं की वीस लाखांवर वर्षाला वीस हजार, आणि रक्कम वाढेल तशी फी वाढते, काम तेवढंच असलं तरी. शिवाय तू विचारलंस, 'पाच लाख गृहकर्जात भरून टाकू का?' तर हो म्हटल्यावर गुंतवणूक घटून त्याची फी कमी होणार असते. उत्तर प्रामाणिक असेलही, पण तुला खात्री कशी वाटणार? तुझा कर्जाचा हप्ता चालू आहे, म्हणून मला ठरावीक फी बरी वाटते. तिचा दोष असा की पहिल्या वर्षी आराखडा मिळतो आणि पुढे कुणी फिरकत नाही. तेव्हा वर्षातून किती आढावे मिळणार, ते करारात लिहून घे. एका वर्षापेक्षा जास्त फी आगाऊ मागता येत नाही, रोखीत तर नाहीच.

मोफत सेवेची किंमत कुठे दिसते? 'रेग्युलर' या एका शब्दात. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक फंडाच्या दोन योजना असतात, डायरेक्ट आणि रेग्युलर. पैसे गुंतवणारा मॅनेजर तोच, शेअर तेच, पण रेग्युलरच्या खर्चात वितरकाचं कमिशन मिसळलेलं असतं. या खर्चाला एक्सपेन्स रेशो म्हणतात. तो रोज थोडाथोडा एनएव्हीतून, म्हणजे एका युनिटच्या किमतीतून, वजा होतो, म्हणून तुझ्या स्टेटमेंटवर वेगळी ओळ कधी दिसत नाही. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या, फंडात दोन्हींतला फरक साधारण अर्धा ते एक टक्का असतो. ऐकायला किरकोळ वाटतं. दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याच्या हप्त्याची गुंतवणूक, २५ वर्षं चालवली, तू भरलेस ३० लाख. परतावा १२ टक्के धरला तर हाती सुमारे १.९० कोटी, ११ टक्के धरला तर १.५९ कोटी. एका टक्क्याचे एकतीस लाख. वितरक तुला घाबरून विकण्यापासून अडवत असेल, कागदपत्रं सांभाळत असेल, तर काही लोकांना ही किंमत परवडते. पण ती किती आहे हे माहीत असावं. सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये, ज्याला सीएएस म्हणतात, वितरकाला मिळालेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं.

म्हणूनच पहिल्या प्रस्तावातल्या पान अकराची काळजी वाटते. तुझे चारही डायरेक्ट फंड विकून पाच नवे रेग्युलर फंड घ्यावेत असं तिथे आहे, 'पोर्टफोलिओ रिव्ह्यू' या नावाखाली. वर्षाच्या आत घेतलेल्या युनिट्सवर बऱ्याच इक्विटी फंडांत १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याचा आकार, लागतो. नफ्यावर कर वेगळा: वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, वर्षावरच्या नफ्यावर आर्थिक वर्षात १.२५ लाखांच्या पुढे १२.५ टक्के. एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्र खरेदी धरतात, म्हणजे जुन्या फंडातलेही शेवटचे बारा हप्ते 'नवे'च असतात. या खर्चाचा एकही आकडा त्या पानावर नाही. विचार त्याला, एकेका फंडाचं कारण माग.

आता परताव्याचे शब्द. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश वाच. पान सातवर ठळक अक्षरात '३७.५ टक्के परतावा' आहे. खाली उदाहरण: दरमहा १०,०००, पाच वर्षं, सहा लाखांचे सव्वाआठ लाख. सव्वादोन लाख भागिले सहा लाख, ३७.५ टक्के, गणित बरोबर. पण हा ॲब्सोल्यूट परतावा, यात काळ धरलेलाच नाही. पाच वर्षांत मिळाले की पंधरा, कळणारच नाही. दुसरा शब्द सीएजीआर, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर. एकरकमी गुंतवणुकीला तो योग्य: लाखाचे सहा वर्षांत दोन लाख झाले तर ॲब्सोल्यूट १०० टक्के, सीएजीआर सव्वाबारा. एसआयपीला मात्र तोही लावता येत नाही, कारण पहिला हप्ता पाच वर्षं राबला आणि शेवटचा एकच महिना. सहा लाख पहिल्याच दिवशी भरले असं समजून सीएजीआर काढलास तर ६.६ टक्के येईल, तेही चूक. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून जो दर निघतो तो एक्सआयआरआर, आणि या उदाहरणात तो सुमारे १२.७ टक्के आहे. एकाच गुंतवणुकीचे तीन आकडे झाले. एक्सेलमध्ये एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात रकमा लिही, भरलेल्या रकमा उणे चिन्हाने आणि आजची किंमत अधिक, मग एक्सआयआरआर हे सूत्र लाव. पाच मिनिटांचं काम आहे.

'सरासरी परतावा' दिसला तर थांब. पहिल्या वर्षी अधिक ५० टक्के, दुसऱ्या वर्षी उणे ५०. सरासरी शून्य, पण शंभराचे दीडशे होऊन पंचाहत्तर उरले.

हीच मोजपट्टी प्रस्तावातल्या त्या 'गॅरंटीड' विमा पॉलिसीला लाव. दरवर्षी ५०,०००, वीस वर्षं, शेवटी १७.३६ लाख. भरलेल्याच्या पावणेदोन पट म्हणून ते आकर्षक दिसतं. दर काढलास तर ५ टक्के येतो. युलिपच्या, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीच्या, तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन स्तंभ असतात. ते विमा नियामकाने ठरवून दिलेले उदाहरणादाखल दर आहेत, हमी कुठलीच नाही, आणि एजंटचं बोट नेहमी आठच्या स्तंभावर असतं. विमा हवा तर साधा टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घे, गुंतवणूक वेगळी ठेव. चुकून सही झालीच तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात.

अल्फा, बीटा, शार्प रेशो या फंडाची कामगिरी आणि जोखीम मोजणाऱ्या आकड्यांत सध्या पडू नकोस. महागाईचा आकडा मात्र दोघांनी काय धरलाय ते बघ. आजचा महिन्याचा ४०,०००चा खर्च ६ टक्के महागाईने २५ वर्षांनी १.७२ लाख होतो. पहिल्या प्रस्तावात निवृत्तीचा खर्च आजच्याच भावाने धरलाय, म्हणून सगळे आलेख इतके सुंदर दिसतात.

रिस्क प्रोफाइलची प्रश्नावली स्वतः भर, 'मी टिक करून देतो' म्हणाला तरी देऊ नकोस. त्यात दोन गोष्टी मिसळतात: जोखमीची तयारी आणि जोखमीची क्षमता. बाजार ३० टक्के पडला तरी तुला झोप लागते, ही तयारी. पण हप्ता चालू असताना नोकरी गेली तर किती महिने निभेल, ही क्षमता, आणि ती आत्ता तुझी कमी आहे. आधी सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला हवेत. चार पानांच्या प्रस्तावात पहिली ओळ हीच आहे. त्या बाईंबद्दल माझं मत त्या ओळीनेच चांगलं झालं. तरी त्यांनाही विचार, विम्याचं किंवा आणखी कुठलं कमिशन घरातल्या कुणाच्या नावावर येतं का.

शनिवारी सीएएस, कर्जाचं स्टेटमेंट आणि ऑफिसच्या आरोग्य विम्याचा कागद घेऊन जा. पासवर्ड, ओटीपी, सही केलेला कोरा फॉर्म कुणालाच द्यायचा नाही. सल्लागाराशी करार झाल्याशिवाय फी भरू नकोस. कराराची प्रत आधी मला पाठव, रविवारी सकाळी दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई